विद्यापीठांच्या कपाटांतले जुने कपडे

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांकडे आज हजारो जुने कपडे आहेत, आणि सुरुवातीला ते कुणी इतिहास म्हणून जमवलेले नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे ‘होम इकॉनॉमिक्स’चे विभाग सुरू झाले. मुलींना शिवण, कापडाची पारख आणि कपड्यांची निगा शिकवायची तर हाताशी नमुने हवेत, म्हणून शिक्षिका घरातले जुने पोशाख वर्गात आणू लागल्या. माजी विद्यार्थिनी आईचा लग्नातला झगा देऊन जात. कॉर्नेल विद्यापीठात १९१५ साली शिकवायला आलेल्या ब्यूला ब्लॅकमोर यांनी असे कपडे जमवायला सुरुवात केली, आणि १९३६ साली जगप्रवासाला निघून ठिकठिकाणचे पेहराव विकत आणले. तो संग्रह आता दहा हजारांच्या पुढे गेला आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात हेलन लुईस ॲलन यांनी १९२७ पासून १९६८ पर्यंत शिकवले. त्यांचा खासगी वस्त्रसंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर विद्यापीठाला मिळाला आणि पुढे वाढत गेला. त्यात भारतातली वस्त्रेही आहेत.

काही संग्रहांचा जन्म निराळ्या कारणाने झाला. टेक्सासचा संग्रह १९३८ साली नायमन-मार्कस या दुकानाच्या मालकांनी आपल्या आत्याच्या, कॅरी मार्कस नायमन यांच्या, सन्मानार्थ सुरू केला आणि १९७२ मध्ये तो नॉर्थ टेक्सास विद्यापीठात आला. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाचे संग्रहालय न्यूयॉर्कच्या दोन कपडे-व्यावसायिकांनी आपला संग्रह दिल्यामुळे १९८५ मध्ये उघडले. कॅथरीन हेपबर्न यांचे नाटक-सिनेमांतले पोशाख पुढे याच संग्रहालयात आले. पण असे नियोजित संग्रह थोडे. बाकीचे वर्गाच्या गरजेतून, देणग्यांतून, कधी नाटकाच्या कपडेपटातून साचत गेले. त्यांना ना स्वतंत्र जागा होती, ना स्वतंत्र माणूस. पुढे होम इकॉनॉमिक्सचे विभाग नावे बदलू लागले (कॉर्नेलमध्ये १९६९ साली ते ‘ह्यूमन इकॉलॉजी’ झाले), काही बंद पडले, आणि तळघरातल्या पेट्या कुणाच्या हा प्रश्न उभा राहिला.

या पेट्यांचे काय करायचे यावर गेल्या पन्नासेक वर्षांत बरेच लिहिले गेले आहे. अमेरिकेत ‘कॉस्च्यूम सोसायटी ऑफ अमेरिका’ १९७३ मध्ये स्थापन झाली. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची, म्हणजे आयकॉमची, वेशभूषा समितीही मार्गदर्शक सूचना देत आली आहे. या सगळ्या लेखनातला मोठा भाग कपड्यांची झीज थांबवण्याबद्दल आहे आणि नोंदणीला त्यामानाने कमी जागा मिळते. माझे मत याच्या उलट क्रमाचे आहे. कपडा झिजला तरी चांगल्या नोंदीतून त्याच्याविषयी पुष्कळ कळते. उत्तम टिकलेला पण नोंद नसलेला कपडा मात्र अभ्यासकाला फार थोडे सांगतो. पैसा आणि माणसे कमी असतील, आणि विद्यापीठात ती नेहमीच कमी असतात, तर पहिला खर्च नोंदीवर व्हावा.

आधी काय टिकते ते पाहू. लग्नाचा पोशाख टिकतो, श्रीमंताघरचे रेशीम टिकते, बाळाची भरतकाम केलेली टोपडी टिकतात. रोज अंगावर असणारा कपडा फाटेपर्यंत वापरला जातो आणि संपतो. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजच्या संग्रहाने ही उणीव जाणून कामाला सुरुवात केली. तिथल्या नाट्यविभागातल्या प्राध्यापक किकी स्मिथ यांनी घरकामाचे झगे, नोकरीतले गणवेश, डाग पडलेले आणि ठिगळ लावलेले कपडे जाणीवपूर्वक जमवले. सुमारे चार हजार वस्तूंच्या त्या संग्रहातून निवडलेल्या कपड्यांचे प्रदर्शन २०२४ मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीत भरले. काखेतला घामाचा डाग, कोपरावरचे रफू, गरोदरपणी बाजूने उसवून सैल केलेली शिवण यांतून बाईच्या आयुष्याबद्दल जे कळते ते कुठल्याच फॅशनच्या मासिकात छापलेले नाही.

आपल्याकडे तर ही उणीव अधिक खोल आहे. जुने लुगडे मऊ झाले की त्याची गोधडी किंवा वाकळ व्हायची, तिच्या चिंध्या झाल्या की पायपुसणे. बाकीचे कपडे बोहारणीला देऊन भांडे घ्यायचे. जरीच्या पैठण्या आणि शालू जाळून त्यातली चांदी काढली जाई, आणि जुनी जर विकत घेणारे त्यासाठी दारोदार फिरत. काटकसरीची ही चोख व्यवस्था होती आणि तिच्यात दोष काढण्यासारखे काहीच नाही. पण तिचा परिणाम असा की शेतमजूर बाईचे १९२० चे लुगडे किंवा गिरणी कामगाराचा सदरा आज पाहायचा म्हटला तर छायाचित्रांवरच भिस्त ठेवावी लागते.

आता झिजेकडे. कापड मरते कशाने, हे रसायनशास्त्राने बऱ्यापैकी उलगडले आहे, आणि विद्यापीठातल्या संग्रहाला ही माहिती फार उपयोगी पडते, कारण कुठल्या कपड्याला वाचवता येणार नाही हेही तीच सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे रेशीम हे याचे सर्वांत दुःखद उदाहरण. कच्च्या रेशमावरचा डिंकासारखा थर धुऊन काढला की त्याचे वजन सुमारे पाव हिश्श्याने घटते. रेशीम वजनावर विकले जाई, म्हणून कारखानदार ते कथिलाच्या क्षारांत बुडवून वजन भरून काढत आणि वर आणखी चढवत. कापडाला छान भारदस्त सळसळ येई. पण हेच क्षार प्रकाशात धागा पोखरतात. शंभर वर्षांनी असा झगा पेटीतून काढला की अस्तराच्या घड्यांवर सरळ चिरा पडलेल्या दिसतात, आणि हात लागताच चुरा होतो. यावर इलाज नाही. बारीक जाळीच्या आधारावर तुकडे धरून ठेवायचे, सपाट ठेवायचा, आणि तो शाबूत आहे तोवर छायाचित्रे घेऊन ठेवायची.

लोखंडाचा काळा रंग असाच आतून खातो. कलमकारी आणि छिटाच्या कापडांवर काळ्या रेघांसाठी लोहयुक्त द्रावण वापरत. आज जगभरच्या संग्रहांतल्या जुन्या भारतीय छिटांमध्ये फुले लालभडक दिसतात आणि त्यांच्या काळ्या कडांच्या जागी नुसती बारीक छिद्रे उरलेली असतात. हिरव्या रंगाचा धोका वेगळा. एकोणिसाव्या शतकात कपड्यांच्या आणि कृत्रिम फुलांच्या चमकदार हिरव्या रंगांत सोमल, म्हणजे आर्सेनिक, असे. त्यात भर म्हणजे जुन्या संग्रहालयांत किडींवर विषारी भुकटी फवारत आणि त्याची नोंद क्वचितच ठेवत. म्हणून नोंदीत धोक्याचा रकाना हवाच, कारण पेटी उघडणारी बहुधा विशी-बाविशीतली विद्यार्थिनी असते. साठच्या दशकातले प्लास्टिकचे कपडे तर जुन्या सुती कपड्यांहून लवकर नष्ट होत आहेत: पीव्हीसी चिकट होते, फोम भुगा होतो, आणि त्याहून जुनी सेल्युलोज नायट्रेटची बटणे शेजारच्या कापडावर आम्लाची वाफ सोडतात.

बाकीचे शत्रू ओळखीचे. प्रकाशाने झालेली हानी परत भरून येत नाही, म्हणून प्रदर्शनात ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, आणि काही महिन्यांनी कपडा पुन्हा अंधारात जायला हवा. लोकर, पिसे आणि केसाळ कातडे कसर खाते. त्यावर आज विषाऐवजी थंडी वापरतात: पिशवीत बंद करून उणे ३० अंशांवर तीन दिवस, किंवा उणे १८ वर दोन आठवडे. हवेतल्या दमटपणाबद्दल मात्र विचार बदलला आहे. पूर्वी ५० टक्के, त्यात पाचाची फारकत, असा जवळजवळ धर्मनियम होता आणि त्यापायी वातानुकूलनावर अफाट वीज जाई. आता बहुतेक वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आणि १६ ते २५ अंश हे मर्यादित चढउतार चालतात असे मोठी संग्रहालयेही मानू लागली आहेत. मुंबईच्या पावसाळ्यात एवढेही सोपे नाही, कारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बुरशी धरते. पण निदान आवाक्यातले उद्दिष्ट तरी समोर आले.

या बाबतीत घरची रीत आणि संग्रहालयाची रीत किती जवळ आहेत हे पाहून बरे वाटते. शालू धुवट मलमलीत किंवा मांजरपाटात गुंडाळायचा, वर्षातून एकदा काढून घडी बदलायची, म्हणजे रेशीम एकाच रेषेवर तुटत नाही. संग्रहालयातही हेच करतात, फक्त घडीच्या आत आम्लमुक्त कागदाची वळकटी ठेवतात आणि पेटीही आम्लमुक्त पुठ्ठ्याची असते. मणीकामाचे जड झगे आणि तिरक्या कापाचे पोशाख टांगायचे नाहीत, आडवे ठेवायचे. डांबराच्या गोळ्यांना मात्र संग्रहात जागा नाही. त्यांची वाफ आरोग्याला घातक असते. देवदाराच्या पेट्याही नकोत, लाकडातून आम्ल बाहेर पडते.

इथे शिकवणे आणि जपणे यांची टक्कर होते. विद्यापीठाचा संग्रह बंद कपाटात ठेवून दिला तर तो विद्यापीठात असण्याचे कारणच उरत नाही. पण तीस मुलांनी बाही उलटी करून पाहिली की बाही जाते. कपडा अंगावर घालू द्यायचा नाही, याबद्दल आता मतभेद नाही. मे २०२२ मध्ये मेरिलिन मन्रोने १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वाढदिवसाला घातलेला झगा किम कार्दाशियन यांनी न्यूयॉर्कच्या मेट गालात घातला, तेव्हा आयकॉमच्या वेशभूषा समितीने जाहीर पत्रक काढून सांगितले की ऐतिहासिक कपडे कुणीही घालू नयेत. तो झगा एका खासगी संग्रहालयाने २०१६ मध्ये ४८ लाख डॉलरला घेतला होता. सगळ्या जगासमोर झालेल्या या प्रसंगामुळे छोट्या विद्यापीठांना एक मदत झाली: नाट्यविभागाने एखादा जुना कोट मागितला तर नाही म्हणताना कारण समजावण्याची गरज कमी पडते.

हात लावण्याबाबत मला दोन संचांचा मार्ग पटतो. दुहेरी प्रती, नोंद हरवलेले आणि फार फाटलेले कपडे शिकवणीच्या संचात जातात. त्यांवर मुले शिवण उलगडून पाहतात, धागे मोजतात. बाकीचे अभ्याससंचात राहतात आणि पूर्वपरवानगीने, पेन्सिल घेऊन, एकेकट्यानेच पाहायचे असतात. टोरंटोच्या विद्यापीठसंग्रहाशी जोडलेल्या इन्ग्रिड मिडा यांनी ॲलेक्झांड्रा किम यांच्यासह २०१५ मध्ये ‘द ड्रेस डिटेक्टिव्ह’ हे पुस्तक लिहिले. त्यात कपडा वाचण्याच्या तीन पायऱ्या आहेत: निरीक्षण, मनन, अर्थ लावणे. पहिल्या पायरीवर अर्थ लावायला मनाई आहे, आणि विद्यार्थ्यांना हीच शिस्त जड जाते. झगा ‘व्हिक्टोरियन’ म्हणून मोकळे होण्याआधी टीप हाताची आहे की मशीनची, हूक कुठे आहेत, अस्तर कशाचे आहे, हे लिहायचे असते.

नोंदणी याच पायरीपासून सुरू होते. प्रत्येक वस्तूला आवक क्रमांक मिळतो. १९८५.१२.३ असा क्रमांक असेल तर १९८५ साली, त्या वर्षातल्या बाराव्या देणगीतून, तिसरी वस्तू. क्रमांक सुती फितीवर न पुसणाऱ्या शाईने लिहून दोन बारीक टाक्यांनी ठरावीक जागी शिवतात. टाचणी नाही, चिकटपट्टी नाही. पुढे वर्णन, मापे, धागा, विणकाम, रंग, शिवण, डाग आणि दुरुस्ती यांचे रकाने, आणि सर्वांत दुर्लक्षित पण सर्वांत निकडीचा रकाना, ठावठिकाणा: कोणती खोली, कोणते कपाट, कोणता खण. जी वस्तू सापडत नाही ती नसल्यासारखीच. वारसा-जतनाची आंतरराष्ट्रीय संस्था इक्रॉम आणि युनेस्को यांनी २०११ मध्ये जगभरच्या संग्रहालयांची पाहणी केली, तेव्हा कोठारांतले सुमारे ६० टक्के संग्रह धोक्यात असल्याचे दिसले. नोंदी अपुऱ्या असणे आणि जागेचा घोळ ही त्यामागची मोठी कारणे.

नोंद आधी केली की काय घडू शकते, हे ब्रुकलिन म्युझियमने दाखवले. ते विद्यापीठ नाही, पण प्रसंग बोधक आहे. त्यांच्याकडे सुमारे २३,५०० पोशाख होते, बरेचसे वर्षानुवर्षे न पाहिलेले. मेलन प्रतिष्ठानच्या मदतीने त्यांनी सगळ्यांची पाहणी, छायाचित्रण आणि नोंद करवली. ती झाल्यावर आपल्याकडे काय आहे आणि ते सांभाळणे आपल्याला झेपणार नाही, हे दोन्ही कळले, आणि २००९ मध्ये संग्रह मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे गेला.

कपड्याचे वय ठरवणे हे या कामातले सर्वांत रंजक आणि सर्वांत फसवे प्रकरण. खुणा पुष्कळ असतात. शिलाई मशीन १८५० च्या दशकात बाजारात आले, त्यामुळे पूर्ण मशीनची टीप त्याआधीची असणे शक्य नाही. जांभळा-मॉव्ह रंग रसायनज्ञ पर्किनने १८५६ मध्ये शोधला. अमेरिकेत कपडा कसा धुवायचा हे सांगणारी पट्टी १९७२ पासून सक्तीची झाली. पण खुणा एकमेकींशी भांडतात. अठराव्या शतकातले भारी रेशीम १८४० च्या सुमारास उसवून नव्या कापात शिवलेले असते आणि नंतर कॉलेजच्या नाटकासाठी कमरेत पुन्हा बदललेले असते. अशा झग्याला एकच साल देणे ही चूक आहे. कापडाचा काळ, शिवण्याचा काळ आणि फेरफाराचा काळ असे निदान तीन रकाने हवेत, आणि नाटकासाठी केलेला फेरफारही इतिहासातच मोजायला हवा.

नावांचा प्रश्न सर्वांत अवघड. रॉबर्ट चेनहॉल यांनी १९७८ मध्ये संग्रहालयातल्या वस्तूंची उपयोगावर आधारलेली वर्गवारी मांडली. आयकॉमच्या समितीने १९८२ मध्ये पेहरावाच्या शब्दांची यादी शरीराच्या भागांनुसार लावली: कमरेच्या वर, कमरेच्या खाली, डोक्यावर, पायांत. गेट्टी संस्थेचा कला-वस्तूंच्या नावांचा शब्दकोश आता ऑनलाइन सर्वांना खुला आहे. शिवलेल्या युरोपीय कपड्यांसाठी या रचना उत्तम चालतात. पण नऊवारी लुगडे कमरेच्या वरही आहे, खालीही आहे, पदर डोक्यावर घेतला तर डोक्यावरही. खोक्यात ते आठ मीटरचे सपाट कापड असते. त्याची खरी माहिती नेसण्यात आहे, आणि नेसणे कापडात साठत नाही. विस्कॉन्सिन असो वा मँचेस्टर विद्यापीठाचे व्हिटवर्थ कलादालन, भारतीय वस्त्रे सांभाळणाऱ्या प्रत्येक संग्रहाला याचा विचार करावा लागतो. शांताल बुलांजे यांचे साड्यांवरचे १९९७ चे पुस्तक आणि ऋता कपूर चिश्ती यांनी नोंदवलेले साडी नेसण्याचे शंभरावर प्रकार यांच्यामुळे वाट मोकळी झाली आहे. माझ्या मते अशा वस्तूच्या नोंदीत नेसण्याची चित्रफीत हवी, आणि स्थानिक नावे जशीच्या तशी हवीत: इरकली, टोपपदर, नारळी काठ, चंद्रकळा, खण. त्यांच्या शेजारी आंतरराष्ट्रीय सांकेतांक टाकला की पुण्याची विद्यार्थिनी आणि टोकियोतला अभ्यासक दोघांनाही एकच वस्तू सापडेल.

नोंद काटेकोर असूनही कशी आंधळी राहू शकते याचा जुना नमुना म्हणजे जॉन फोर्ब्स वॉटसन यांचे १८६६ चे १८ खंड. भारतीय कापडांचे ७०० नमुने, प्रत्येकाची लांबी, रुंदी, वजन आणि गाव. असे २० संच केले, त्यांपैकी १३ ब्रिटनमध्ये वाटले, सात भारतात पाठवले. हेतू उघड होता: इथली माणसे काय नेसतात ते पाहून मँचेस्टरच्या गिरण्यांनी तसे विणावे. त्यासाठी अख्खी पागोटी आणि लुगडी कापून तुकडे केले. आज त्या तुकड्यांवरून विणकर धागा मोजू शकतो, पण ते वस्त्र कुणाच्या अंगावर होते हे विचारण्याची जागाच त्या पानावर नाही.

डिजिटल नोंदींनी चित्र बरेच सुधारले. आर्डन कर्कलंड यांनी तयार केलेला ‘कॉस्च्यूम कोअर’ हा रकान्यांचा आराखडा मुळात छोट्या महाविद्यालयांसाठीच आहे. युरोपात २०१२ पासून ‘युरोपियाना फॅशन’ने अनेक देशांची संग्रहालये एका शोधपेटीखाली आणली. चांगले छायाचित्र, समोरून, मागून, आतून आणि मापपट्टीसह, हे हाताळणी कमी करण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे.

सगळेच ठेवायचे नसते, हे विद्यापीठांना उशिरा कळले. शंभर पांढरे लग्नाचे झगे घेऊन बसलेल्या विभागाने नवी देणगी नाकारायला शिकले पाहिजे. आणि काही वस्तू परत द्यायच्या असतात. अमेरिकेच्या मूलनिवासींच्या पवित्र वस्तूंबाबतचा १९९० चा कायदा विद्यापीठांनाही लागू आहे, आणि जानेवारी २०२४ पासूनच्या नियमांनुसार त्या प्रदर्शित करण्याआधी किंवा अभ्यासाला देण्याआधी त्या जमातीची संमती घ्यावी लागते. त्यामुळे कुठला अंगरखा कुणाकडून, कसा आला याची नोंद नसणे आता कायद्याचाही प्रश्न झाले आहे.

महाराष्ट्रातल्या गृहविज्ञान विभागांनी यातून काय घ्यावे? आपल्याकडचे गृहविज्ञान अमेरिकेच्या होम इकॉनॉमिक्सच्या प्रभावाखालीच घडले, म्हणून हा अनुभव आपल्याला थेट लागू आहे. वातानुकूलित कोठार नसले तरी चालेल. एक कोरडी खोली, मांजरपाट, क्रमांकाच्या फिती, आवक वही आणि एक जबाबदार माणूस एवढ्यावर सुरुवात होते. विद्यार्थिनींच्या आज्या अजून हयात आहेत तोवर त्यांच्याकडून लुगडे घ्यावे, आणि लुगड्याबरोबर माहितीही घ्यावी: हे कुठे विकत घेतले, कितीला, कुणी आणले, पहिल्यांदा कधी नेसलात, कामाला जाताना काष्टा कसा घालत होता, हे ठिगळ कुणी लावले, हा डाग कशाचा. ही उत्तरे त्यांच्याच आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करावीत, आणि त्या फाइलला लुगड्याचाच आवक क्रमांक द्यावा.